नवा बेल्ट, जुना टेन्शनर

नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय नुसता शोभेला आहे – तो टायर दिसतोय ना, त्यावर बसा, आणि पँटची काळजी असेल तर खाली पेपर घ्या, कालचाच आहे, वाचून झालाय. हां. तर काय म्हणालात, ‘जरासा’ आवाज येतो? जरासा! अहो साहेब, तुमची गाडी इकडे वळली तेव्हा समोरच्या शिंप्यानं मशिनीवरचा पाय काढला. वर आमची ही भांडी विसळत होती, तिनं नळ बंद करून खिडकीतून डोकावलं. आणि तुम्ही म्हणता जरासा. असू दे, पेशंट नेहमी असंच सांगतो – जरासं दुखतंय, जरासं चमकतंय – आणि फोटो काढला की कळतं, हाडाचे दोन तुकडे. किती वर्षांची गाडी? एकोणीस? म्हणजे मतदान करते की ही! हसत नाही हो, जुनी गाडी सांभाळणारा माणूस मला आवडतो. जो जुनी गाडी सांभाळतो तो – जाऊ दे, एवढ्यात कशाला तुमची स्तुती, अजून बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही.

जरा सुरू करा. आता स्टिअरिंग फिरवा. पूर्ण. अहो पूर्ण, टोकापर्यंत, बायकोचं माहेर त्या बाजूला आहे असं समजून – लग्न नाही झालं? बरं. मग नुसतंच फिरवा. ऐकलंत? बस, बस, बंद करा, शिंपी पुन्हा बाहेर आला. बघा, चाक सरळ होतं तोवर कशी गुणी बाळासारखी गप्प होती, आणि टोकाला नेलं की बोंब. का, ते सांगतो. या इकडे. हा काळा पट्टा दिसतोय, ह्या चाकावरून त्या चाकावर नागमोडी गेलेला? हा बेल्ट. एकच आहे, आणि सगळं घर ह्याच्या जिवावर – बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ह्याच्यावर, इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप ह्याच्यावर, एसी ह्याच्यावर, आणि हा खालचा स्टिअरिंगचा पंप, तोही ह्याच्यावर. आता तुम्ही चाक टोकाला नेलं की ह्या पंपाला जोर लागतो, जोर लागला की बेल्ट घसरतो, आणि घसरला की किंचाळतो. म्हणजे काय, तर सरळ रस्त्यानं जाताना ही गाडी कुणाला कळायची नाही. ही ओरडणार यू-टर्न घेताना. अरुंद गल्लीत, कुणाला तरी सोडून परत फिरताना. नाही हो, सहज आपलं उदाहरण दिलं. तुम्ही का दचकलात?

तर एक गंमत सांगतो, पाना शोधता शोधता. आम्ही राहतो ह्याच गॅरेजच्या वर. संध्याकाळी सातला शटर ओढलं की मी वर जातो, साबणानं हात धुतो – दोनदा धुतो, तरी टॉवेल काळा होतोच आणि त्यावरून बोलणी खातो – आणि खिडकीशी बसतो. गेले तीन महिने, रविवार सोडून रोज, साडेसातच्या सुमाराला, शिंप्याच्या पलीकडे ती पत्रपेटी आहे ना, त्या कोपऱ्यावर एक गाडी यू-टर्न घेते. कुईंऽऽ! की मी मोजायला लागतो. एक, दोन, तीन – दोनशे म्हणेपर्यंत आमच्या जिन्यावर चपला वाजतात. मुलगी आमची. ऑफिसातून येते. ‘लवकर आलीस गं?’ ‘हो बाबा, बस पटकन मिळाली.’ बस! अहो, ती बस आठाला येते, आणि थांबताना फुस्स करते, कुईं करत नाही. चाळीस वर्षं मी आवाजांवर पोट भरलंय, मला बस आणि बेल्ट ह्यातला फरक कळणार नाही? तिच्या आईला विचारलं, कसला गं हा आवाज, तर म्हणे, कुठला? मला नाही बाई आला. हिला वरच्या मजल्यावर बसून खाली माझ्या हातातून पडलेला नट कळतो, आणि हा आवाज नाही आला! अळीमिळी गुपचिळी, दुसरं काय. – तुमचीच गाडी असं कुठे म्हणतोय मी? जगात काय ओरडणारी एकच गाडी आहे? तुम्ही आधी तो घाम पुसा. ते फडकं नको, ते ग्रीसचं आहे, अहो – लागलं कपाळाला. राहू दे. शोभतंय.

पण मला एक सांगा, अगदी वडीलकीनं विचारतो. मेकॅनिकच्या मुलीला गाडीतून सोडायला यायचं, गुपचूप यायचं, आणि बेल्ट असा? चोरी करायची ती वाजतगाजत? माणसानं सायकल आणावी, चालत यावं, काही नाही तर पुढच्या गल्लीतून तरी वळवावी. पण नाही! नेमकी माझ्या खिडकीखाली. पहिले आठ दिवस मी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांनी राग गेला आणि काळजी लागली. कसली म्हणजे? बेल्टची! रोजचा आवाज ऐकतोय ना मी, आज थोडा जास्त, उद्या अजून थोडा. मनात म्हणायचो, अरे गाढवा, एवढी वर्षं गाडी सांभाळलीस, आता बेल्टवरून मान टाकेल ती, घेऊन ये की एकदा. तुम्हाला नाही म्हटलं गाढव. त्या गाडीवाल्याला म्हटलं. तुम्ही काय, साहेब आहात.

हां, मिळाला पाना. आता बघू या बेल्टची – हा काय प्रकार? अहो, बेल्ट नवा आहे हा! कड बघा कशी धारदार आहे, दातसुद्धा घासलेले नाहीत, फार तर दोन-अडीच महिन्यांचा. बदललात? कुठे? पेट्रोल पंपाजवळच्या गॅरेजात. कुठल्या पेट्रोल पंपाजवळच्या? तिकडच्या. बरं. काय नाव त्या मेकॅनिकचं? आठवत नाही. दाढी होती की नव्हती? हेही आठवत नाही. साहेब, खोटं बोलायची एक शिस्त असते, आधी घरून ठरवून यावं लागतं. तर तुमच्या त्या बिनचेहऱ्याच्या मेकॅनिकनं काय केलंय, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बेल्ट बदलला आणि टेन्शनर तोच ठेवला. हा बघा टेन्शनर – हा हातासारखा तुकडा, टोकाला छोटं चाक, आत स्प्रिंग. बेल्ट ताणून धरायचा एवढंच ह्याचं काम. स्प्रिंग म्हातारी झाली की हात सैल पडतो, मग तुम्ही सोन्याचा बेल्ट आणून घाला, तो घसरणारच. जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट घालू नये, ही आमच्या गॅरेजातली पहिली ओळ. माझ्या हाताखाली जे जे शिकले त्यांना मी पहिल्या दिवशी हीच ओळ – म्हणजे जे जे म्हणजे काय, एकच शिकली. पण तिला झोपेतून उठवून विचारलं तरी हीच ओळ सांगेल.

थांबा, काढायच्या आधी बेल्ट कुठून कुठे गेलाय ते बघून घेतो, ही माझी सवय आहे. गाडीत चिटकवलेलं चित्र असतं, पण जुन्या गाड्यांत ते उष्णतेनं गळून गेलेलं असतं – तुमचंही गेलंय, हे बघा, नुसता डिंक उरलाय. तर हा इथून वर, इथून आत, आणि हा पाण्याचा पंप. इथे खरी परीक्षा असते हं. ह्या पंपावर बेल्टची पाठ लागली पाहिजे, दात नाही. दाताच्या बाजूनं घातला तर बेल्ट बसतो, फिरतो, सगळं छान दिसतं, आणि पंप फिरतो उलटा. पाणी जागच्या जागी. साध्या रस्त्यावर कळत नाही, चढ लागला की इंजिन तापून लाल. भलेभले चुकतात इथे. ह्यानं नाही चुकवलं. पाठच लावलीय. नीट लावलीय. दात खाचेत बसलेत, एकसुद्धा बाहेर नाही. अरे वा. आणि हे मधलं मोकळं चाक, हेही बदललंय की – माझ्या बोटानं फिरतंय बघा, आवाज नाही, काही नाही. हात चांगला आहे हं तुमच्या त्या तिकडच्याचा. मग एवढं सगळं ज्याला कळतं, त्याला टेन्शनर नाही कळला? टॉर्च धरा जरा, जावई – साहेब. काय म्हणालो? काही नाही म्हणालो. टॉर्च धरा. खाली. अजून खाली. त्या मधल्या चाकाच्या बोल्टवर.

हं.

जरा चष्मा पुसतो. तुम्ही टॉर्च हलवू नका.

ती रेघ दिसतेय, बोल्टवरून खाली लोखंडापर्यंत ओढलेली? डाळिंबी रंगाची? ती कशासाठी, सांगतो. बोल्ट पूर्ण आवळून झाला की त्यावरून एक रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. उद्या बोल्ट सैल झाला, फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. लांबून बघितलं तरी कळतं. मी पांढऱ्या रंगाची मारायचो. आमची कन्या अकरा वर्षांची होती तेव्हा, इथेच, त्या टायरवर बसून म्हणाली, बाबा, पांढरा काळा होतो, काय उपयोग? आणि वर जाऊन आईची नखांना लावायची बाटली घेऊन आली. आईनं आकाशपाताळ एक केलं. पण पोरीचं खरं होतं हो, ग्रीस पुसलं की रंग जसाच्या तसा. तेव्हापासून ह्या गॅरेजातून गेलेल्या प्रत्येक बोल्टावर नखांचा रंग. गिऱ्हाइकं हसायची – काय मिस्त्री, इंजिनाचं लग्न आहे का? अख्ख्या गावात हे कुणी करत नाही. आणि हा डाळिंबी, हा मागच्याच महिन्यात मी आमच्या आरशासमोर बघितलाय. तर साहेब, तुमच्या त्या मेकॅनिकला दाढी नव्हती, हे मी आता खात्रीनं सांगू शकतो.

तुमच्या घरासमोर केलं तिनं? रविवारी? एकटीनं? तुम्ही नुसता टॉर्च धरलात. हो, तेवढं तुम्हाला जमतं, ते दिसतंयच.

आणि टेन्शनर? तुम्ही विचारलं नाहीत तिला, की बाई गं, आवाज तर अजून येतोय? विचारलंत. मग काय म्हणाली? नाही, आता सांगाच. सोनारानं कान टोचलेले बरे, पण आधी कान तर पुढे करा. काय म्हणाली? – ‘तो बाबाच बदलतील’? असं म्हणाली? ‘तो बाबाच बदलतील.’ ह्याच शब्दांत?

उतरवतो मी हा आता. तुम्ही बाजूला व्हा. हात चालू असला की मला बोलता येतं, नुसतं उभं राहून नाही बोलता येत. असा पाना लावायचा, टेन्शनर मागे खेचायचा – आई गं, काही जोरच उरलेला नाही ह्यात, करंगळीनं फिरतोय – आणि बेल्ट अल्टरनेटरवरून सोडवायचा. झालं. आता हे बोल्ट. त्या फळीवरचा खोका द्या, तो निळा, वरून तिसरा. हो, टेन्शनरच आहे. तुमच्याच गाडीचा. नवा. त्यात एवढे डोळे मोठे करण्यासारखं काय आहे? गॅरेज आहे, पार्ट असायचेच. एकोणीस वर्षांच्या गाडीचा पार्ट फळीवर कोण ठेवतं? तुम्ही फार प्रश्न विचारता हो. बरं, मागवला. महिना झाला. दोन दुकानं नाही म्हणाली, तिसऱ्यानं बाहेरगावाहून आणून दिला. आवाजावरून दुखणं कळलं होतं, आणि गाडी कुठली ते खिडकीतून बघितलं होतं. दिवा मालवून. आता हे वर सांगू नका, नाहीतर मला जेवायला मिळायचं नाही.

तुम्हाला तीन वर्षांपूर्वीचं सांगितलंय का तिनं काही? गॅरेजचं? नाही. मला वाटलंच. ती नाही सांगायची. ती इथे काम करायची हो. शाळा सुटली की इथे, कॉलेज सुटलं की इथे. माझ्यापेक्षा हात बारीक, माझ्यापेक्षा डोकं शांत. बेल्ट चढवायचा तर आम्ही दोघं – मी टेन्शनर खेचून धरायचो, ती त्या फटीत हात घालून बेल्ट सरकवायची. एक, दोन, तीन, झालं. तर जनावरांचे डॉक्टर आहेत एक, त्यांची जुनी गाडी आली. बेल्टच बदलायचा होता. चित्र गळून गेलेलं. मी जुना बेल्ट काढला, पोस्टकार्डावर रस्ता काढून ठेवला, आणि म्हटलं, तू घाल, मला दुसऱ्या गाडीचं बघायचंय. तिनं घातला. गाडी गेली. आणि संध्याकाळी डॉक्टर टो करून परत – चढावर इंजिन तापलं, गेलं, चार तास रस्त्यावर बसले ते, आणि तिकडे एका गोठ्यात गाय अडलेली. गाय वाचली, वासरू नाही वाचलं. बॉनेट उघडलं तर पाण्याच्या पंपावर दात. उलटा.

मी ओरडलो. तुमचा बेल्ट काय ओरडतो हो. सहा माणसं उभी होती इथे, डॉक्टर होते, शिंपी होता. मी म्हणालो – काय म्हणालो ते सांगू नये, पण सांगतो – हे तुझे हात कामाचे नाहीत, जा, वर जाऊन आईला मदत कर. सहा माणसांसमोर. बावीस वर्षांची मुलगी. तिनं फडकं घडी करून ठेवलं, पाने जागच्या जागी लावले, हात धुतले आणि वर गेली. महिन्याभरात ऑफिसात लागली. आम्ही बोलत नाही असं नाही हं. जेवलात का, गोळी घेतलीत का, लाइट गेली का – सगळं बोलतो. पण ती ह्या दाराच्या आत आलेली नाही. जिना बाहेरूनच आहे ना. रोज शटरसमोरून जाते, मान वळवत नाही.

ते बारा नंबरचं सॉकेट द्या. हे नाही, त्याच्या शेजारचं. हां.

आठ दिवसांनी मी खालचा खण आवरत होतो. तळाशी, पान्यांच्या खाली ते पोस्टकार्ड. तिनंच ठेवलेलं, पाने लावताना. बघितलं मी. माझं अक्षर, माझं चित्र. आणि चित्रात पाण्याच्या पंपावर दात. मीच चुकीचं काढलं होतं हो. तिनं मी काढलं तसं घातलं. आणि तेव्हा मला आठवलं, तिनं विचारलं होतं – बाबा, हा पंपाच्या पलीकडून जायला हवा ना? मी कुठल्यातरी गिऱ्हाइकाशी फोनवर होतो, मी मानसुद्धा वर केली नाही, म्हटलं, कार्डावर आहे तसं घाल. म्हणजे तिच्या लक्षात आलं होतं. आणि सहा माणसांसमोर मी तिला बोलत होतो तेव्हा ते कार्ड तिच्या खिशात होतं. तिनं काढलं नाही. नुसतं काढून दाखवलं असतं तर माझं तोंड बंद झालं असतं. माझी अब्रू सांभाळली पोरीनं, आणि मी तिची घालवली.

नाही, कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही. हिलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, देव जाणे – टायरवर बसलेल्या माणसाशी मला पोटातलं बोलायची सवय आहे बहुतेक. आणि तिला? तिला काय सांगू? रोज ठरवतो. ती जिन्यावर चढते, मी म्हणतो, आज बोलायचं. ती म्हणते, बाबा, गोळी घेतलीत का? मी म्हणतो, घेतली. संपलं बोलणं. तीन वर्षं. लाज वाटते हो मला. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोय, आणि एवढं एक वाक्य तोंडातून निघत नाही.

आता मला कळतंय बघा. आधी वाटलं, घाई झाली असेल, पार्ट मिळाला नसेल. पण छे! मधलं चाकसुद्धा बदलणारी मुलगी टेन्शनर विसरत नाही. तिनं मुद्दाम ठेवला. तिला माहीत होतं, हा ओरडत राहणार. कुठे ओरडणार हेही माहीत होतं – वळताना, माझ्या खिडकीखाली. किती दिवस ओरडला तर चालेल, कधी बदलायलाच हवा, तेही माहीत. आणि तुम्ही बिचारे रोज माझ्या दारात येऊन बोंब मारून जाताय, आणि तुम्हाला वाटतंय आपण गुपचूप आलो! अडीच महिने ती मला हाक मारतेय, बाबा, हा बघा, हा माणूस आहे, आणि मी काय करतोय, तर खिडकीत बसून दोनशेपर्यंत मोजतोय. आमच्या दोघांत जास्त गाढव कोण, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही धरून तिघांत.

झालं, बसला टेन्शनर. दोन्ही बोल्ट आवळले. आता बेल्ट – इथून, इथून, पंपावर पाठ, खाली, वर, आणि राहिलं फक्त अल्टरनेटरचं चाक. नवी स्प्रिंग आहे, आता ह्याला खरा जोर लागतो. मी दोन्ही हातांनी खेचून धरतो, तुम्ही त्या फटीतून हात घाला आणि बेल्ट वर सरकवा. घाला. घाला हो, चावत नाही. घड्याळ काढा. नाही जात? अंगठा आत दुमडा. राहू दे, राहू दे, सालटं निघतील हाताची, मग मला जाब द्यावा लागेल. हा हात टॉर्च धरण्यासाठीच दिलाय देवानं. माझाही जात नाही, मी कुठे म्हणतो जातो. तीन वर्षं मी बेल्टच्या गाड्या पुढच्या चौकातल्या मिस्त्रीकडे पाठवतोय, म्हणतो, वेळ नाही. वेळ कसला नाही? हात नाही दुसरा.

बरं, आता ऐक. हो, तूच म्हणतोय, आता साहेब वगैरे पुरे झालं. समोर शिंप्याच्या दुकानात पाठमोरं कुणीतरी उभं आहे, दिसतंय? आज रविवार, ऑफिसला सुट्टी, आणि तू आलास तेव्हापासून पडद्याचं कापड बघतंय. आमच्या घरात खिडक्या दोन. एका खिडकीला मी सारखा असतो, त्यामुळे पडदा लागतो एकीलाच. एवढा वेळ बघावं इतकं कापडही त्याच्याकडे नाही. जा, बोलाव तिला. म्हणावं, बाबा टेन्शनर खेचून उभे आहेत, बेल्ट चढवायला हात पाहिजे. एवढंच सांग. बाकी काही बोलू नकोस, तुला नीट खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायला तू घाबरतोस. आणि जाताना तो खालचा खण उघड – डाव्या कोपऱ्यात पोस्टकार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत – ते इथे, बॉनेटच्या कडेला, तिला दिसेल असं ठेव. हां. आणि तू वर जा. तिच्या आईकडे. चहा घे. ती तुझी चौकशी करेल, घरी कोण कोण, पगार किती. मुकाट्यानं सांग, तिला सगळं आधीच माहीत असणार, पण तिलाही विचारायची हौस आहे. कपाळ पुसून जा. आणि एक लक्षात ठेव, उद्यापासून ही गाडी ओरडायची नाही. तू आलास की गेलास, मला कळायचं नाही. म्हणून कोपऱ्यावर थांबायचं नाही. दारात यायचं, बेल वाजवायची आणि वर यायचं. जा आता. उभा काय राहिलायस? मी सोडलं तर हा पान्याचा दांडा माझ्या दातांवर बसेल. जा!

ये. ये गं, आत ये. नाही, मी बघत नाही तुझ्याकडे, दांडा धरलाय. ते कार्ड – हो. तेच. चूक माझी होती. तेव्हाही माझीच होती, आणि मला तीन वर्षं माहीत आहे. हं. रडू नकोस, मग मला दिसत नाही काही. हात घाल. मी धरलंय, घट्ट धरलंय. कसा घालू म्हणून काय विचारतेस? कार्ड ठेव ते खाली. तुला दिसतंय तसा घाल.